भरल्या पोत्याखालची भूक

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. दोन-चार शिव्या तेवढ्या गाळल्या.)



मला दिलेला विषय असा आहे : आधुनिकतावादी साहित्यात आणि चित्रकलेत अन्नाचं स्थान. 'स्थान' म्हटलं की मला आधी पंगत दिसते. कुणाचं पान माजघरात, कुणाचं ओट्यावर, कुणाचं उकिरड्याच्या कडेला. विषय देणारा दोस्त एम. ए. झालेला आहे, समोरच बसलाय आणि हसतोय. त्याच्या डोक्यात हे नव्हतं. पण शब्द निवडताना भलेभले असे सापडतात.

मी मॅट्रिक. गोदीत पोती उचलतो, कविता लिहितो. इंग्रजी पुस्तक वाचायचं तर डिक्शनरी मांडीवर घेऊन. पाळी संपवून आल्यावर कधी एका पानाला एक रात्र जाते. त्यामुळे मी थोडीच पुस्तकं वाचली, पण जी वाचली ती घासून वाचली. फोर्टच्या फुटपाथवर जे मिळालं ते. चित्रं पाहिली तीही पुस्तकात छापलेली, असली चित्रं परदेशात आहेत आणि मी इथं. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर प्रश्नोत्तरात कुणी शहाणपणा करायला नको.

आता एक गोष्ट सांगतो, मग साहित्याकडं वळू.

दोन वर्षांमागं आमची टोळी तुरीच्या बोटीवर होती. पन्नास किलोचं पोतं. वरून झोळी खाली येताना एक पोतं फाटलं आणि तूर धक्क्यावर सांडली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं दोन मुठी तूर हातानं गोळा केली आणि रिकाम्या डब्यात टाकली. निम्मी तूर, निम्मी धक्क्याची माती. सुटीच्या वेळी गेटवर डबा उघडायला लावला. वॉचमननं ती तूर रस्त्यावर ओतली आणि बुटानं पसरवली. म्हाताऱ्याला चार दिवस काम नाही. वॉचमन वाईट माणूस होता असं नाही. तोही ठेक्यावरचाच. त्याचा डबा कोण तपासत होतं ते मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या हातात नुट हामसूनची 'हंगर' ही कादंबरी होती. नॉर्वेचा लेखक, कादंबरी १८९० सालची. मी ती वाचत होतो आणि डोक्यात ती तूर. पुस्तकात भूक म्हणजे अन्न नसणं. आमच्याकडं काय आहे? खांद्यावर पन्नास किलो अन्न आहे आणि पोटात भूक आहे. मधे काय आहे? गेट आहे. तर आज मी या सगळ्या थोर मंडळींकडं एवढीच चौकशी करणार आहे, की बाबांनो, तुम्हाला ते गेट दिसलं का?

हामसूनपासून सुरू करू. एक बिननावाचा लेखक क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, उपाशी फिरतो. लेख विकला गेला तर जेवायचं, नाही तर नाही. लाकडाच्या ढलप्या चघळतो. स्वतःचं बोट चावतो. खाटकाकडं जाऊन म्हणतो, कुत्र्यासाठी हाडूक द्या. कुत्रा कुठला? आडोशाला उभा राहून स्वतःच ते कच्चं चावतो आणि ओकतो. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. 'कुत्र्यासाठी' हा जो शब्द आहे ना, तो उपाशी माणसाशिवाय कुणाला सुचणार नाही. हामसून स्वतः उपाशी राहिलेला होता, ते दिसतं. आणखी एक जागा. तो अंगातला वेस्टकोट गहाण टाकतो, मिळालेल्या पैशातले थोडे भिकाऱ्याला देऊन मोकळा होतो, आणि मग आठवतं की पेन्सिलीचा तुकडा वेस्टकोटाच्या खिशात राहिला. परत पळतो. वेस्टकोट गेला चालेल, पेन्सिल पाहिजे. कवी म्हणवणाऱ्यांनी हे पान वाचावं.

पण ही भूक एकट्याची आहे. त्याला घर नाही, वस्ती नाही, आई नाही, शेजारी नाहीत, त्याच्या भुकेला कुणी सोबतीण नाही. उपाशीपोटी त्याचं डोकं भराऱ्या मारतं, शब्द सुचतात, देवाशी भांडतो. भूक त्याच्या मेंदूत चाललेलं एक नाटक आहे. शेवटी तो एका जहाजावर कामाला लागतो आणि शहर सोडतो. तिथंच कादंबरी संपते. च्यायला, मला वाटलं आता कुठं खरी सुरुवात होणार! जहाजावर चढला, आता खलाशाचं जेवण लिही की. तर नाही. कामाला लागला की कथा खतम. बेकार भुकेला कादंबरी मिळते, कामावरच्या भुकेला मिळत नाही.

आणि हेही ऐकून ठेवा. या हामसूनला १९२० साली नोबेल मिळालं, आणि १९४३ साली त्यानं ते पदक हिटलरच्या गोबेल्सला भेट दिलं. भूक सोसली म्हणून माणूस आपोआप शहाणा होतो, न्यायाच्या बाजूनं जातो, असं आपल्यात फार बोललं जातं. तसं काही नसतं.

दुसरा काफ्का. प्रागचा ज्यू, विमा कचेरीत नोकरी. त्याची 'उपाशी कलावंत' ही गोष्ट १९२२ साली आली. एक माणूस पिंजऱ्यात बसून उपास करतो आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. धंदा करणारा मालक आहे. उपासाची मुदत चाळीस दिवस, कारण त्यानंतर गावाचा उत्साह ओसरतो आणि गल्ला बसतो. काय हिशेब आहे बघा. माणूस किती दिवस उपाशी राहू शकतो हे त्याचं पोट ठरवत नाही, गल्ला ठरवतो. हे काफ्कानं विमा कचेरीत बसून ओळखलं. अपघात झालेल्या मजुरांचे कागद रोज त्याच्या टेबलावर यायचे.

या गोष्टीत गेट आहे, मित्रांनो. रात्री यानं चोरून खाऊ नये म्हणून पिंजऱ्यावर राखणदार बसवलेत. आणि राखणदार कोण? बहुतेक करून खाटीक. काही राखणदार दयाळू असतात, मुद्दाम कोपऱ्यात पत्ते खेळत बसतात, म्हणजे यानं गुपचूप काही खाल्लं तर खाऊ दे. त्याचंच याला सगळ्यात वाईट वाटतं. माझ्यावर कुणाचा विश्वासच नाही! सकाळी त्या राखणदारांना भरपेट न्याहारी मिळते, तीही याच्याच खर्चानं. आमच्या गेटवरचं सगळं यात आहे. डबा तपासणं आहे, दया आहे, दयेतला अपमान आहे, आणि उपाशी माणसाच्या पैशानं पोसलेली राखण आहे. मरता मरता तो कलावंत सांगतो की माझं कौतुक करू नका, मला आवडेल असं खाणं मिळालं नाही म्हणून मी उपाशी राहिलो, मिळालं असतं तर तुमच्यासारखाच पोटभर जेवलो असतो.

इथं मात्र मी काफ्काशी भांडतो. आवडीचं खाणं मिळालं नाही म्हणून उपास, हे आपल्या अंगणातलं नाही. आपल्याकडं उपासाला एकादशी म्हणतात आणि एकादशी दुप्पट खाशी हेही आपल्याकडचंच. उपास करायला आधी घरात डबे भरलेले लागतात. पण लगेच गप्पही होतो, कारण ही गोष्ट ज्या पुस्तकात आली त्या पुस्तकाची प्रुफं काफ्का मरणाच्या खाटेवर तपासत होता. घशाचा क्षय. अन्न गिळता येत नव्हतं. ३ जून १९२४ ला गेला. उपाशी माणसाची प्रुफं उपाशी माणसानं तपासली. या गोष्टीच्या शेवटी आणखी एक प्राणी येतो, त्याच्याकडं मी मागाहून येणार आहे.

आता बाकीच्यांना भराभर उरकतो.

चित्रकारांत व्हॅन गॉगचं बटाटे खाणाऱ्यांचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, १८८५ सालचं. दिव्याखाली पाच माणसं. त्यानं भावाला लिहिलं होतं की ज्या हातांनी माती खणली तेच हात ताटात जाताना दिसावेत. त्या चित्रात गेट नाही, कारण पिकवणारा आणि खाणारा एकच. म्हणूनच ते चित्र बघून बरं वाटतं. पुढं सेझान सफरचंदं काढत बसला, इतका वेळ लावायचा की फळं सडून जायची. रंगाचं, आकाराचं जे काय त्यानं केलं त्यावरून पुढच्यांची अख्खी पिढी शिकली. मी मोठेपण नाकारत नाही. पण फळ सडेपर्यंत समोर ठेवून न खाणं, हे बघताना आमच्या पोरांना काय वाटेल? पिकासोनं १९०४ साली ऐन गरिबीत एक चित्र कोरलं. एक आंधळा आणि एक बाई, दोघं हाडकुळी, टेबलावर रिकामी थाळी, पावाचा तुकडा, दारू. नवा पत्रा घ्यायला पैसे नव्हते म्हणून दुसऱ्याचा वापरलेला जस्ताचा पत्रा घासून त्यावर कोरलं. तोच पिकासो १९१२ साली कॅफेच्या टेबलाचं चित्र करतो, लिंबाची फोड, ग्लास, सुरी, त्यावर वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चिकटवतो, आणि चौकटीच्या जागी खरा दोरखंड लावतो. समीक्षक मेणकापडावर लिहितात. मी दोरखंडाकडं बघत राहिलो. तेवढीच एक वस्तू त्या सगळ्या कॅफेत माझ्या ओळखीची होती.

प्रूस्तच्या चहात बुडवलेल्या केकवर इतकं लिहिलं गेलंय की तो केक आता शिळा झाला. १९१३ सालचा आहे. एक घास खाल्ला आणि सगळं बालपण जिभेवर उभं राहिलं. पण त्याच पुस्तकात ॲस्परॅगस आहे, शतावरीच्या जातीची कोवळ्या कोंबांची भाजी. एका उन्हाळ्यात घरात रोज उठून तीच भाजी. का? तर स्वैपाकघरातल्या गरोदर मोलकरणीला ती सोलताना दम्याचे झटके यायचे, तिनं काम सोडून जावं म्हणून मुख्य स्वैपाकीण मुद्दाम रोज तीच करायला लावायची. मालक मंडळी चवीनं खातात आणि वरच्या मजल्यावर त्यांना पत्ता नाही. प्रूस्तला पत्ता होता. त्यानं लिहून ठेवलंय. केकवाल्यांनी ते पान उलटलं.

जॉइसचा ब्लूम डब्लिनमध्ये १६ जून १९०४ ला सकाळी डुकराचा गुर्दा तळतो, करपवतो आणि खातो. दुपारी एका खानावळीत शिरतो, तिथं पुरुष हावऱ्यासारखे खाताना बघून त्याला मळमळतं, तो बाहेर पडतो आणि दुसरीकडं चीजचं सँडविच खातो. मोठ्या कादंबरीच्या नायकाला दात असतात, आतडं असतं, संडासला जावं लागतं, हे १९२२ साली छापायला छाती लागली. ब्लूम ज्यू बापाचा पोर, आणि खातो डुक्कर. गावाला त्याच्या ताटाशी कर्तव्य नाही, त्याच्या रक्ताशी आहे. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात त्याला ज्यू म्हणून हिणवतात आणि पळताना मागून बिस्किटांचा डबा फेकून मारतात. खायच्या डब्याचा हाही एक उपयोग.

आणि मारिनेत्ती! हा इटलीचा भविष्यवादी कवी, मुसोलिनीचा दोस्त. डिसेंबर १९३० मध्ये यानं स्वैपाकाचा जाहीरनामा काढला, १९३२ ला पुस्तक. शेवयासारखा पास्ता बंद करा, त्यानं माणूस सुस्त होतो. तुरिनला १९३१ साली हॉटेल काढलं. कोंबडीच्या पोटात पोलादी बॉलबेअरिंग भरून भाजायची. उजव्या हातानं ऑलिव्ह खायचं, त्याच वेळी डाव्या हातानं सँडपेपर, रेशीम, मखमल चोळायचं, मानेवर अत्तर फवारायचं आणि पाठीमागं विमानाचा आवाज. हसताय काय? आम्ही रोज हेच करतो. उजव्या हातात भाकरी, डावा हात गोणपाटावर, नाकात डिझेल, कानात क्रेन. तिकीट लावत नाही एवढंच. पण हसून झालं की मारिनेत्तीचं पुढचं कारण वाचा. पास्ता सोडला तर परदेशी गव्हाची आयात वाचेल. मुसोलिनीनं १९२५ पासून गव्हाची लढाई पुकारली होती, बोटीतून उतरणारा गहू त्याला बंद करायचा होता. म्हणजे त्या कवितेच्या तळाशी धक्काच निघाला.

आता जिच्यापाशी मला थांबायचं आहे ती बाई. व्हर्जिनिया वुल्फ. लंडनच्या शिकल्यासवरल्या घरातली, घरात स्वैपाकीण, मोलकरीण. मी तिच्याकडं मनात राग घेऊनच गेलो होतो. ऑक्टोबर १९२८ मध्ये तिनं केंब्रिजला बायकांच्या दोन कॉलेजांत भाषणं दिली, १९२९ ला त्याचं पुस्तक झालं, स्वतःची एक खोली या विषयावर. त्यात ती करते काय? ताटं मोजते. म्हणते, कादंबरीकार जेवणावळीत कोण काय बोललं ते लिहितात, काय खाल्लं ते लिहीत नाहीत, मी लिहिणार. पुरुषांच्या कॉलेजात दुपारी मलईतला मासा, तित्तिर, पुडिंग, दारूचे ग्लास रिकामे होतात आणि भरतात. बायकांच्या कॉलेजात रात्री पातळ सूप, इतकं पातळ की ताटाच्या तळाला नक्षी असती तर दिसली असती. गोमांस, भाजी, बटाटे, सुकवलेले आलुबुखार, कोरडी बिस्किटं आणि पाण्याचा जग. मग ती विचारते, असं का? आणि थेट पैशावर येते. पुरुषांच्या कॉलेजात राजांनी सोनं ओतलं, मग कारखानदारांनी ओतलं. बायकांच्या कॉलेजला तीस हजार पौंड जमवताना जीव गेला. आणि जाता जाता म्हणते, तक्रार तरी काय करायची, कोळशाच्या खाणीतली माणसं याहून कमी खात असतील.

मी ताडकन उठून बसलो. गेट दाखवणारी पहिली लेखिका मला अशा घरात भेटली जिथं मी मागच्या दारानंही गेलो नसतो. चांगलं जेवल्याशिवाय चांगला विचार होत नाही असं ती सांगते. हे आपण सांगितलं की आपल्याला प्रचारकी म्हणतात.

आता पुढं ऐका. या पुस्तकातली निवेदिका कशावर जगते? वर्षाला पाचशे पौंड, तहहयात. कुणी दिले? एका आत्येनं मागं ठेवले. आत्या की मावशी ते कळत नाही, इंग्रजीत दोघींना एकच शब्द. ही आत्या कशी मेली? मुंबईत घोड्यावरून हवा खायला निघाली होती, पडली, मेली. मुंबईत! मी पान पुन्हा वाचलं. डिक्शनरीत बघायची गरज नव्हती. बाई हॉटेलात बसून कोंबडी आणि कॉफी घेते आणि लिहिते की आत्येनं ठेवलेल्या कागदाच्या तुकड्यांच्या बदल्यात समाज मला हे खाऊ घालतो.

आत्या खरी नाही, रचलेली आहे. पण रचतानाही बाईला मुंबईच सुचली. ही आत्या मुंबईत काय करत होती? तिच्या घोड्याला खरारा कोण करत होतं? घोड्याचे हरभरे कुणी वाहिले? ते पाचशे पौंड कुठल्या धक्क्यावरून गेले? बाई सांगत नाही. केंब्रिजचं गेट तिनं बोट ठेवून दाखवलं, पण स्वतःच्या ताटाचं दुसरं टोक आमच्या गोदीत आहे, तिथवर तिची नजर आली नाही. तरी मी तिच्यावर रागावू शकत नाही. पत्ता तिनंच दिला. आपण फक्त त्या पत्त्यावर राहतो.

तिची 'टू द लाइटहाऊस' ही कादंबरी ५ मे १९२७ ला आली. तिच्यात एक प्रसिद्ध जेवण आहे, दारूत मंद आचेवर शिजवलेलं गोमांस. तीन दिवस खपून केलेलं. टेबलावर झाकण उघडतं, वास दरवळतो, पाहुणा वा वा करतो, आणि मालकीणबाई सांगते, ही माझ्या आजीची पाककृती. शिजवलं कुणी? मिल्ड्रेड नावाच्या स्वैपाकिणीनं. जेवणभर सगळ्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, प्रत्येकाच्या डोक्यात शिरून बाई फिरते. मिल्ड्रेडच्या डोक्यात शिरत नाही. ती आचेपाशीच राहते. मी मिल्ड्रेडवर एक कविता लिहायला घेतलीय, ती अजून जमत नाही. तिच्या घरी त्या रात्री काय शिजलं, इथं येऊन अडतो.

ही कादंबरी बाजारात यायच्या दीड महिना आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. तळ्यावरून आल्यावर काय झालं? परिषदेच्या मांडवात लोक जेवत होते, त्यांच्यावर हल्ला झाला, शिजवलेलं अन्न मातीत कालवलं, भांडी फोडली. आधुनिक साहित्याच्या इतिहासात १९२७ म्हटलं की ते तीन दिवसांचं गोमांस. आमच्या १९२७ मध्ये पाणी आहे आणि मातीत कालवलेलं अन्न आहे. दोन्ही एकाच सालातली ताटं आहेत आणि दोन्ही मी शेजारी ठेवून वाचणार. कुणी नको म्हटलं तरी.

आता पिक्चर. आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन', १९२५ सालचा. आज चहानंतर आपण तो लावणारच आहोत, म्हणून सगळी गोष्ट सांगत नाही. काळ्या समुद्रावरची रशियन युद्धनौका, साल १९०५. खलाशांसाठी मांस टांगलंय आणि त्यावर अळ्या वळवळताहेत. कॅमेरा जवळ नेऊन दाखवलंय. जहाजाचा डॉक्टर येतो, नाकावरचा चष्मा घडी करून भिंगासारखा धरतो, अळ्यांकडं बघतो आणि सांगतो की मांस चांगलं आहे, मिठाच्या पाण्यानं धुऊन घ्या.

मित्रांनो, हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. अळ्या बघून नाही, अळ्या आपण पाहिल्यात. डोळ्यासमोर वळवळणारी अळी आहे आणि शिकलेला माणूस भिंग लावून सांगतो की नाही. आपल्या पिढ्यान् पिढ्या याच भिंगाखाली गेल्या. शिळं हे शिळं नाही, उष्टं हे उष्टं नाही, तुझ्या वाट्याचं आहे, गोड मानून घे. तिथं खलाशी काय करतात? सूप खात नाहीत. बस. पहिलं बंड म्हणजे भरल्या ताटावर न जेवणं. हामसूनच्या माणसाला अन्न नाही म्हणून तो खात नाही, काफ्काच्या माणसाला आवडीचं नाही म्हणून तो खात नाही. हे मात्र उपाशी आहेत, समोर वाढलेलं आहे, आणि सगळे मिळून खात नाहीत. एक पोऱ्या अधिकाऱ्यांच्या बश्या धुतोय, बशीवर देवाकडं रोजची भाकरी मागणारी प्रार्थना लिहिलेली आहे. तो ती वाचतो आणि बशी आपटतो. ती बशी फुटताना नीट बघा, एकच आपटणं वेगवेगळ्या बाजूंनी तुकड्यातुकड्यांत जोडलंय. आधुनिक कला म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी ती बशी दाखवतो. पुढं बंडाचा पुढारी मारला जातो आणि त्याचं प्रेत ओडेसाच्या धक्क्यावर आणून ठेवतात. छातीवर चिठ्ठी असते, चमचाभर सूपापायी गेला अशा अर्थाची. धक्क्यावर, लक्षात घ्या. शहर तिथं जमतं.

हे रशियातलं झालं असं म्हणू नका. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, कुलाबा. 'तलवार' या नाविक तळावरच्या पोरांनी निकृष्ट जेवण नाकारलं. अन्न नाही तर काम नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला फरक, सगळं साचलेलं होतं, पण ठिणगी ताटात पडली. दोन-तीन दिवसांत ते बंड मुंबई बंदरातल्या जहाजांवर, कराचीपर्यंत पसरलं. पोरांना वेढा पडला तेव्हा मुंबईच्या लोकांनी गेटवेवर अन्नाची पुडकी आणून दिली. २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं मेली. दुसऱ्या दिवशी नाविकांनी हत्यारं खाली ठेवली, पुढाऱ्यांनी ठेवायला लावली. १९६५ साली उत्पल दत्तनं कलकत्त्यात त्यावर 'कल्लोल' हे नाटक केलं आणि त्याच वर्षी सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं. आपली गोदी त्या पाण्याला लागून आहे. डबा खायला आम्ही जिथं बसतो तिथून ते पाणी दिसतं.

आता राहिलेला प्राणी. काफ्काच्या गोष्टीत उपाशी कलावंत मरतो, त्याला गवतासकट पुरतात आणि त्याच पिंजऱ्यात एक तरुण पँथर आणून ठेवतात. हो, पँथर! हे वाचलं त्या रात्री मी खोलीतल्या सगळ्यांना उठवलं होतं. त्याला आवडीचं खाणं आहे, राखणदार फार विचार न करता आणून देतात. जबड्यात जोर आहे. लोक पिंजऱ्याला गर्दी करतात आणि हलायला तयार नाहीत. विद्वान लोक सांगतात की हा पँथर म्हणजे जीवनाचा विजय.

मला पहिल्यांदा आनंद झाला, मग नाही झाला. पँथर पिंजऱ्यात आहे. राखणदार तेच आहेत. तिकीट तेच आहे. फक्त आता खाणं वेळेवर पोचतं, म्हणून त्याला गेट दिसत नाही. आपल्यातही काही जणांना आवडीचं खाणं वेळेवर पोचायला लागलं आणि त्यांची डरकाळी ऐकायला अजून गर्दी होते. नावं घेत नाही, तुम्ही घ्या. १९७२ साली मुंबईत ज्यांनी पँथर हे नाव घेतलं त्यांनी ते काफ्काकडून घेतलं नव्हतं, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. आणि त्या काळ्या पोरांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये काय सुरू केलं होतं? शाळेत जायच्या आधी वस्तीतल्या पोरांना फुकट न्याहारी. बंदुकींपेक्षा त्या न्याहारीची अमेरिकेच्या पोलीसप्रमुखाला, त्या हूवरला, जास्त भीती वाटली, तसं त्यानं त्याच साली लिहून कळवलं. काफ्काचा पँथर आणून दिलेलं खातो. हे पँथर पहाटे उठून वाढत होते. दोन पँथरांतलं हे अंतर मला अजून कवितेत पकडता आलेलं नाही.

बास. वेळ झाली, चिठ्ठी आली आहे.

एक दुरुस्ती करायची राहिली. गेटवरचा तो म्हातारा आज आलाय, मागं भिंतीला टेकून बसलाय. काल रात्री मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं. हामसून ऐकला, काफ्का ऐकला, त्या बाईची आत्या पडली तिथं हसला. शेवटी म्हणाला, "समदं ठीक हाय. पण दोन न्हाई, तीन मुठी व्हत्या. बरोबर लिव्ह."

तर तीन मुठी. चहा घ्या, वडापाव मोजून आणलेत, माणशी एक. मग दिवे घालवा, पिक्चर लावतो.